घोड्यांच्या शर्यती : सल्ला कोणाचा मानावा?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी ही मानाची शर्यत होते. १९४३ मध्ये सुरू झालेल्या या २४०० मीटरच्या शर्यतीला एरवी घोड्यांकडे न फिरकणारी मंडळीही हजेरी लावतात. अशा दिवशी प्रथमच येणाऱ्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. फाटकाजवळ रेसचे पुस्तक विकत घेत असतानाच कोणीतरी शेजारी येऊन उभा राहतो आणि हलक्या आवाजात एका घोड्याचे नाव सांगतो. स्टँडमध्ये बसल्यावर शेजारचा गृहस्थ दुसरे नाव सांगतो आणि चहाच्या टेबलावर तिसरे नाव ऐकू येते. प्रत्येकाच्या बोलण्यात सारखाच ठामपणा असतो.

या गर्दीत विश्वास कोणावर ठेवावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मात्र पणाला लागलेला पैसा बहुतेक वेळा घरखर्चातून आलेला असतो आणि चुकीच्या माणसाच्या नादाने तो किती वेगाने जातो, याची उदाहरणे प्रत्येक रेसकोर्सच्या आसपास आढळतात. शर्यतीचे ज्ञान देणारे प्रामाणिक जाणकार या क्षेत्रात आहेत. ते ओळखायचे कसे, हे समजून घेण्यासाठी आधी या व्यवहाराची रचना पाहावी लागते.

कायद्याची चौकट

भारतात जुगाराविषयी कायदे करण्याचा अधिकार राज्यांना आहे. घोड्यांच्या शर्यतींचे स्थान त्यात वेगळे आहे. तामिळनाडू सरकारच्या कायद्याला देण्यात आलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या नावाने तो ओळखला जातो. घोड्याची क्षमता, त्याचे प्रशिक्षण, जॉकीचे कसब आणि शर्यतीचे स्वरूप यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो. त्यामुळे घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाचा आधार घेऊन 'कौशल्य असेल तर कमाई नक्की' असे सांगणारे अनेक जण भेटतात. निकालाचा अर्थ तसा नाही. अंदाज बांधण्यात कौशल्य लागते, एवढेच न्यायालयाने मान्य केले आहे. ते कौशल्य कोणाकडे आहे आणि त्यातून पैसा मिळतो का, हे निराळे प्रश्न आहेत.

महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून घोड्यांच्या शर्यतींना जी सूट मिळते, तिलाही अटी आहेत. पैज शर्यतीच्या दिवशी, त्यासाठी राखून ठेवलेल्या जागेत आणि परवानाधारक बुकमेकरकडे किंवा टोटलायझेटरवर लावलेली असावी लागते. गल्लीतील बुकीकडे, चिठ्ठीवर किंवा दूरध्वनीवरून लावलेल्या पैजेला हे संरक्षण मिळत नाही. शिवाय १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेचा करार शून्य ठरतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. बेकायदा बुकीने पैसे बुडवले तर दाद मागण्याची सोय उरत नाही, ती यामुळेच.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, तसेच त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्या कायद्याने ठेवलेला नाही. मोबाइलवर एखाद्या अ‍ॅपचे आमंत्रण आले आणि पाठवणारा 'सगळे कायदेशीर आहे' असे सांगत असला, तर केवळ त्याच्या शब्दावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

यातून पहिली कसोटी मिळते. जो मार्गदर्शक नवख्याला परवानाधारक खिडकी सोडून अन्यत्र नेतो, तो कितीही जाणकार असला तरी त्याचा सल्ला स्वीकारण्यासारखा नाही.

टोटचे गणित

रेसकोर्सवर पैज लावण्याचे दोन मार्ग असतात. बुकमेकर प्रत्येक घोड्याचा भाव फलकावर लावतो आणि पैज घेताना ठरलेला भाव त्या पैजेपुरता कायम राहतो. टोटलायझेटर अथवा टोटची पद्धत वेगळी आहे. सर्वांनी लावलेले पैसे एकत्र केले जातात, त्यातून ठरावीक वजावट केली जाते आणि उरलेली रक्कम विजेत्यांमध्ये वाटली जाते. ही कल्पना १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर यांनी रूढ केली. विन, प्लेस, फोरकास्ट, क्विनेला, ट्रेबल, जॅकपॉट हे भारतीय रेसकोर्सवर ऐकू येणारे शब्द त्यातील निरनिराळ्या पैजांची नावे आहेत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कर तूर्त बाजूला ठेवू. एका शर्यतीत विनच्या पैजांचे एकूण १ लाख रुपये जमले आणि २० टक्के वजावट झाली, तर वाटपासाठी ८० हजार रुपये उरतात. जिंकलेल्या घोड्यावर १६ हजार रुपये लागलेले असतील, तर प्रत्येक रुपयामागे ५ रुपये मिळतील. आता समजा, एका टिपस्टरने हाच घोडा आपल्या ग्राहकांना सांगितला आणि त्यांनी त्यावर आणखी १६ हजार रुपये लावले. एकूण रक्कम १ लाख १६ हजार झाली. वजावटीनंतर ९२ हजार ८०० रुपये उरले, पण त्यात वाटेकरी आहेत ३२ हजार रुपयांच्या पैजा. रुपयामागे मिळणारी रक्कम ५ वरून २ रुपये ९० पैशांवर आली.

टिप विकणाऱ्यांना विचारायचा प्रश्न याच हिशेबात दडलेला आहे. ज्याला जिंकणारा घोडा खरोखर ठाऊक आहे, त्याने तो गुपचूप लावावा यातच त्याचा लाभ आहे. ती माहिती दुसऱ्याला दिली की त्याचाच डिव्हिडंड घटतो. बुकमेकरकडेही फार वेगळे घडत नाही. एखाद्या घोड्यावर पैसे येऊ लागले की त्याचा भाव पडतो. मग काही हजार रुपयांसाठी अनोळखी माणसाला 'खात्रीचा घोडा' विकण्याचे कारण काय? बहुतेक वेळा उत्तर एकच असते. विकणाऱ्याची कमाई घोड्यावर चालत नाही, ती ग्राहकावर चालते.

खात्रीची टिप कशी तयार होते

या धंद्यातील एक जुनी युक्ती आकड्यांतून चटकन ध्यानात येते. समजा, शर्यतीत ८ घोडे आहेत आणि टिपस्टरकडे ४,०९६ जणांचे दूरध्वनी क्रमांक आहेत. तो त्यांचे ८ गट करतो आणि प्रत्येक गटाला वेगळा घोडा फुकट कळवतो. शर्यत संपते तेव्हा ५१२ जणांना मिळालेली टिप बरोबर ठरलेली असते. बाकीच्यांना तो विसरून जातो. पुढच्या ८ घोड्यांच्या शर्यतीसाठी या ५१२ जणांचे पुन्हा ८ गट होतात आणि ६४ जण उरतात. तिसऱ्या शर्यतीनंतर ८ जण असे राहतात, ज्यांनी सलग ३ वेळा अचूक टिप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. चौथ्या टिपेसाठी त्यांच्याकडे मोठी रक्कम मागितली जाते आणि ते ती देतातही. टिपस्टरला घोड्यांविषयी काहीही माहीत असण्याची गरज पडलेली नसते.

'आधी काही देऊ नका, जिंकलात तर वाटा द्या' हा प्रस्ताव अधिक सभ्य वाटतो. त्यातही प्रत्येक घोडा कोणत्या ना कोणत्या ग्राहकाला सांगितलेला असतो. जिंकणारा कृतज्ञतेने वाटा देतो, हरणारा नशिबाला बोल लावतो आणि सांगणाऱ्याचा एक रुपयाही पणाला लागत नाही.

तिसरा प्रकार 'आतल्या बातमी'चा. तबेल्यातील माणूस ओळखीचा आहे, शर्यत आधीच ठरलेली आहे, अशी कुजबुज केली जाते. शर्यतींवर देखरेख ठेवण्यासाठी क्लबचे स्टुअर्ड असतात. संशयास्पद घोडदौडीची ते चौकशी करतात, घोड्यांच्या नमुन्यांची उत्तेजकांसाठी तपासणी होते आणि जॉकींना पैज लावण्यास मनाई असते. तरीही गैरप्रकार कधीच घडत नाहीत, असा दावा कोणी करणार नाही. पण कुजबुज करणाऱ्याविषयी निष्कर्ष काढण्यास तेवढ्याची गरजही नाही. त्याची बातमी खोटी असेल तर तो फसवतो आहे आणि खरी असेल तर तो फसवणुकीत भागीदार होण्याचे निमंत्रण देतो आहे. दोन्ही परिस्थितींत दूर राहणेच इष्ट.

जाणकाराची लक्षणे

प्रामाणिक जाणकार घोड्याच्या नावापासून सुरुवात करत नाही. तो रेसचे पुस्तक उघडून वाचायला शिकवतो. घोड्याने मागील शर्यती कोणत्या अंतरावर धावल्या, कोणत्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांशी धावल्या, आज पाठीवर वजन किती आहे, सुरुवातीच्या फाटकात त्याला कितवी जागा मिळाली आहे, जॉकी बदलला आहे का, हे तो एकेक करून दाखवतो. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त आणि दुबळ्या घोड्याला कमी वजन देऊन सर्वांना शक्य तितके समपातळीवर आणले जाते. शिकाऊ जॉकी असेल तर वजनात सवलत मिळते. धावपट्टी किती कडक वा मऊ आहे, हे पेनिट्रोमीटर या उपकरणाने मोजून जाहीर केले जाते. पावसाळ्यातील पुण्याच्या हंगामात या आकड्याकडे जाणत्यांचे विशेष लक्ष असते.

यापैकी काहीही गुप्त नाही. सकाळच्या सरावाच्या वेळा, मागील शर्यतींची चित्रफीत आणि स्टुअर्डांच्या चौकशीचे निर्णय सर्वांना पाहता येतात. शर्यतीपूर्वी पॅडॉकमध्ये फिरवले जाणारे घोडेही कठड्यापलीकडून पाहता येतात. कोणता घोडा शांत आहे, कोणता घामाने भिजला आहे, हे तेथे उभे राहून दाखवणारा म्हातारा शर्यतशौकीन शंभर टिपांपेक्षा अधिक देऊन जातो.

दुसरे लक्षण वहीचे. खरा अभ्यासक आपले अंदाज शर्यतीच्या आधी लिहून ठेवतो आणि हरलेल्या पैजाही त्यात तितक्याच स्पष्टपणे नोंदवतो. अशी वही दाखवण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या आठवणीतील विजयांना किंमत देण्याचे कारण नाही. नोंद किती मोठी आहे, हेही पाहावे लागते. १० पैजांतून काहीच सिद्ध होत नाही. ज्याच्या १०० पैकी ३० पैजा यशस्वी होतात, अशा माणसालाही १०० पैजांच्या ओघात कधीतरी सलग १० वेळा हरण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. त्याच न्यायाने, काहीच न कळणारा माणूसही एखाद्या दुपारी सलग तीन घोडे जिंकू शकतो.

तिसरे लक्षण भावाविषयीच्या बोलण्याचे. 'हा घोडा जिंकेल' असे म्हणणारा आणि 'या भावात हा घोडा घेण्यासारखा नाही' असे म्हणणारा, यांत दुसऱ्याचे ऐकावे. सर्वांच्या पसंतीचे घोडे जगभरच्या शर्यतींत साधारणपणे तीनपैकी एक वेळ जिंकतात. तरीही डोळे झाकून त्यांच्यावर पैसे लावणारा दीर्घकाळात तोट्यात जातो, कारण मिळणारा भाव त्या यशाच्या मानाने कमी असतो. 'ही शर्यत सोडून द्या' हे वाक्य ज्याच्या तोंडी वारंवार येते, तो सहसा विश्वासाला पात्र असतो.

शेवटचे लक्षण पैशाचे. चांगला मार्गदर्शक शिकणाऱ्याचे पैसे स्वतःच्या हातात घेत नाही, उसने देत नाही, मागतही नाही आणि पैजेची रक्कम वाढवण्याचा आग्रह धरत नाही. त्याचा उदरनिर्वाह अन्यत्र होत असतो.

हाँगकाँगचे उदाहरण

शर्यतींच्या अभ्यासातून खरोखर मोठा पैसा मिळवणाऱ्यांत अमेरिकेच्या बिल बेंटर यांचे नाव घेतले जाते. १९८० च्या दशकात त्यांनी अ‍ॅलन वुड्स यांच्यासोबत हाँगकाँगमध्ये काम सुरू केले. प्रत्येक घोड्याच्या असंख्य बाबींची नोंद करून संगणकाच्या साह्याने जिंकण्याची शक्यता काढायची आणि ती टोटवरील भावाशी ताडून पाहायची, अशी ही पद्धत होती. सुरुवातीला त्यांना तोटा सोसावा लागला. पद्धत सिद्ध होण्यास वर्षे लागली आणि १९९४ मध्ये बेंटर यांनी तिचे विवेचन शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केले.

त्या विवेचनात एक नम्रतेचा धडा आहे. केवळ आपल्या गणितावर विसंबण्याऐवजी लोकांनी लावलेल्या पैजांतून दिसणारा भावही त्यांनी हिशेबात धरला, कारण हजारो लोकांच्या एकत्रित अंदाजात मोलाची माहिती असते. गर्दीपेक्षा आपण शहाणे आहोत, हे गृहीत धरून चालणारा सल्लागार या कसोटीवर टिकत नाही.

संगतीचा प्रश्न

शर्यतींचा शौक सहसा एकट्याने जोपासला जात नाही. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासूनचे, पुण्याचे त्याहूनही जुने. १९३० मध्ये सुरू झालेली डेक्कन क्वीन प्रारंभी शनिवार-रविवारीच धावत असे आणि पुण्याच्या शर्यतींना जाणारे मुंबईकर तिच्या प्रवाशांत असत. गाडीच्या डब्यात, इराण्याच्या हॉटेलात, रेसकोर्सच्या ठरलेल्या पायरीवर अशा मंडळींचे अड्डे जमत आले आहेत. पांडू खाडे यांच्यासारख्या मराठी जॉकीच्या आठवणी अशाच गप्पांतून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आल्या.

ही संगत शौकाचा सर्वांत आनंददायक भाग आहे आणि सर्वांत धोक्याचाही. घोळक्यात विजयाची वार्ता मोठ्याने सांगितली जाते, पराभवाची कोणी सांगत नाही. त्यामुळे नव्या सदस्याला आपल्याखेरीज सगळेच जिंकत आहेत, असे वाटू लागते. मग तो रक्कम वाढवतो. हरल्यावर मित्र उसने पैसे देतात आणि मैत्रीच्या पोटी दिलेली ती रक्कम त्याच दुपारी पुढच्या शर्यतीत जाते.

चांगला अड्डा काही साध्या नियमांवरून ओळखता येतो. शर्यतीपूर्वी मतभेदांसह चर्चा होते आणि शर्यतीनंतर चूक कोठे झाली, याचा विचार होतो. हार-जीत उघडपणे सांगितली जाते. रेसकोर्सवर एकमेकांना पैसे उसने दिले जात नाहीत. ठरवलेली रक्कम संपल्यावर घरी निघणाऱ्याची कोणी चेष्टा करत नाही. एखादा सदस्य दिवसभर एकही पैज न लावता केवळ घोडे पाहत बसला, तरी तो त्या मंडळींचाच मानला जातो. या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे. पैज लावल्याखेरीज जेथे स्थान मिळत नाही, तो घोळका मित्रांचा राहत नाही.

करांचा भार

प्रामाणिक सल्लागार करांविषयी मौन बाळगत नाही. जुलै २०१७ पासून घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांना २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. हा कर नफ्यावर नसून पैजेच्या रकमेवर आहे; म्हणजे १०० रुपयांच्या पैजेमागे ४० रुपये. याशिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर आकारला जातो आणि हरलेल्या पैजांची वजावट त्यातून मिळत नाही.

या आकड्यांसमोर कौशल्याचा लाभ कितीसा टिकेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. टोटची वजावट आणि कर यांचा डोंगर ओलांडून वर्षानुवर्षे नफ्यात राहणे जवळजवळ अशक्यप्राय आहे. म्हणूनच 'महिन्याला इतके उत्पन्न' असे आश्वासन देणारा माणूस एक तर गणित जाणत नाही किंवा ऐकणारा ते जाणत नसावा, अशी त्याची अपेक्षा असते. नाटकाच्या तिकिटाप्रमाणे परत न येणारी रक्कम म्हणून जेवढे बाजूला काढता येतील, तेवढेच पैसे घेऊन रेसकोर्सवर जावे, असे सांगणारा खरा हितचिंतक.

थांबण्याची वेळ

गेलेला पैसा भरून काढण्यासाठी पैज वाढवणे, घरच्यांपासून रक्कम लपवणे, कर्ज काढून खेळणे, शर्यत नसलेल्या दिवशी अस्वस्थ होणे ही व्यसनाची लक्षणे आहेत. जुगाराच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान आहे. त्यावर उपचार होऊ शकतात. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस मानसिक आरोग्य मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत असून तेथे मराठीतूनही बोलता येते. या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना सुरू केली. समदुःखी माणसांची संगत सावरण्यास किती उपयोगी पडते, हे तिच्या कार्याने दाखवून दिले आहे.

मार्गदर्शकाची अंतिम परीक्षा याच टप्प्यावर होते. शिकणारा सलग हरू लागल्यावर पुढचा घोडा सुचवणारे पुष्कळ असतात. त्याच्या खांद्यावर हात ठेवून 'आज पुरे, चला घरी' असे म्हणणारा एखादाच असतो. रेसकोर्सवर असा माणूस भेटला तर त्याची ओळख जपावी. त्याने एकही विजेता घोडा सांगितला नसला, तरी त्याचा सल्ला इतर सर्वांपेक्षा अधिक मोलाचा आहे.